राक्षस उसात गेला

मित्रांनो, माझ्यातल्या राक्षसाच्या नाकाचा शेंडा गेलेला आहे. तो कसा गेला हे सांगायचं तर मला माझी सगळीच कहाणी सांगावी लागेल, तेव्हा जरा सरसावून बसा. मी एक चित्रांचं पुस्तक आहे, आणि वयाचं म्हणाल तर आता जुनंच. माझे कोपरे झिजून गोल झालेत, पाठीवर कापडी पट्टी आहे आणि मुखपृष्ठावरच्या राजवाड्याच्या बुरुजावर वरणाचा डाग आहे. बांधणी मात्र अजून घट्ट आहे हं! सणसरच्या पुढे कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीत, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. शाईचा तो ओला वास अजून माझ्या लक्षात आहे. चित्रकारानं माझ्यावर जीव ओतला होता. एक राजा, एक राजवाडा, पलीकडे घनदाट जंगल आणि जंगलात एक भलामोठा राक्षस. हा राक्षस रोज रात्री अशी आरोळी ठोकायचा की राजवाड्यातली झुंबरं हलायची. सैनिक गेले ते भाले टाकून परत आले. प्रधानजींना तर जाण्याआधीच ताप भरला. शेवटी लाकूडतोड्याची लेक मैना हातात कंदील घेऊन एकटीच निघाली आणि राक्षसासमोर उभी राहून तिनं विचारलं, "का रे बाबा ओरडतोस?"

तो काय म्हणाला ते मी आत्ता सांगणार नाही. ते उत्तर माझ्या एका उजव्या पानावर आहे, आणि त्या पानापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

छापखान्यातून मी बारामतीच्या एका दुकानात आलो आणि तिथून अश्लेषा नावाच्या मुलीच्या घरी. तिचे बाबा बँकेत साहेब होते. त्यांनी मला प्लास्टिकचं कव्हर घातलं. त्या घरात माझी बडदास्त काय वर्णावी! हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. अश्लेषा मला रोज वाचायची. राक्षसाच्या पानावर आली की बाबांच्या मांडीत शिरायची, एक डोळा मिटायची आणि दुसऱ्यानं बघायची. मग बाबा पान उलटायचे आणि ती खुदकन हसायची. त्या हसण्यासाठी राक्षससुद्धा वाट बघत असावा असं मला वाटायचं.

पण मुलं मोठी होतात. अश्लेषाची पुस्तकं जाड होत गेली, त्यांतली चित्रं नाहीशी झाली, आणि मी कपाटात तिच्या बक्षिसांच्या मागे जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कव्हर कोरं करकरीत, आणि आत पानाला पान चिकटून बसलेलं. वाचलं गेलं नाही की पुस्तकाचं अंग आखडतं. वर्षं अशीच गेली. मग एकदा अश्लेषाच्या आईची मावसबहीण आसावरी घरी आली. ती सणसरकडच्या त्या वस्तीवर अंगणवाडी सेविका होती. कपाट आवरता आवरता अश्लेषानं मला बाहेर काढलं, धूळ पुसली, राक्षसाचं पान उघडून एकदा बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हे तुझ्या मुलांना दे. पण ह्याला नीट सांभाळायचं म्हणून कपाटात ठेवू नकोस हं."

अशा रीतीनं मी आसावरीताईंच्या पिशवीतून, दोन मेथीच्या जुड्यांच्या मधे बसून, अंगणवाडीत दाखल झालो.

काय सांगू तुम्हांला तिथली गंमत! एकच खोली, भिंतीवर आंबा, बदक आणि घड्याळ रंगवलेलं. कोपऱ्यात लीलाबाईंचं स्वयंपाकाचं राज्य. लीलाबाई म्हणजे अंगणवाडीच्या मदतनीस. हाताला उसंत नाही आणि तोंडालाही नाही. खिचडी शिजवता शिजवता त्या एका पोराचं नाक पुसायच्या, दुसऱ्याची चड्डी वर ओढायच्या आणि तिसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या. खिडकीबाहेर उसाचं रान. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, मधून एक पाणंद गेलेली आणि पाणंदीच्या टोकाला जोतीराम आबांच्या घराचा ओटा.

जोतीराम आबा हे त्या वस्तीतलं वजनदार माणूस. अंगणवाडीला जागा त्यांनीच दिलेली, त्यामुळे त्यांचा शब्द तिथे शेवटचा. आवाज असा की कालव्याच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची गुरं कान टवकारत. त्यांची नात संस्कृती त्याच वर्षी अंगणवाडीत आली होती. दोन शेंड्या, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर, आणि सगळं बारकाईनं बघणारे डोळे. ती कमी बोलायची. पण बोलली की काहीतरी ठरवूनच बोलायची.

पहिल्या दिवशी आसावरीताईंनी मला मांडीवर उभं धरलं आणि मुलं गोल करून बसली. कुणी माझ्यावर बोट ठेवलं, कुणी नाक ठेवलं. यशराज नावाच्या एका वल्लीनं तर राजाच्या मुकुटाला जीभ लावून बघितली. जंगलाचं पान आलं. उंच, सरळ, दाटीवाटीनं उभे असलेले झाडांचे बुंधे. ताईंनी विचारलं, "हे काय आहे सांगा बरं?"

"ऊऽऽस!" सगळी एका सुरात ओरडली.

मला आधी रागच आला. चित्रकारानं किती मेहनतीनं काढलेलं माझं जंगल, आणि ह्यांनी त्याचा ऊस केला? पण मग मी खिडकीतून बाहेर बघितलं. खरंच की, तसाच दिसत होता! या मुलांनी जंगल कधी बघितलंच नव्हतं. ज्यात शिरलं की माणूस दिसेनासा होतो असं एकच ठिकाण त्यांना ठाऊक होतं. मग म्हटलं, चला, माझा राक्षस आता उसात राहतो.

ताईंनी पुढचं पान उघडलं. डाव्या बाजूला राक्षस, जबडा वासलेला. ताईंना नाटकाची हौस, त्यांनी पोटातून आरोळी ठोकली. मुलं हरखली, पण संस्कृतीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून लीलाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. तिचं बघून आणखी दोघं रडायला लागली, दोघांचं बघून चौघं. ताईंनी मला घाईघाईनं मिटलं. उजवं पान वाचायचं राहूनच गेलं. मी ओरडून सांगणार होतो, अहो, पुढचं वाचा, पुढचंच तर महत्त्वाचं आहे! पण पुस्तकाला वाचणाऱ्याचाच आवाज असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात उभे. एका हातात संस्कृतीचं बोट.

"ताई, कुठं हाय त्ये पुस्तक?"

ताईंनी मला पुढे केलं. आबांनी पान उघडलं, राक्षसाकडे बघितलं, राक्षसानं आबांकडे बघितलं.

"ह्ये असलं दावता व्हय लेकरांला? पोरगी रातभर दचकून उठतीया. ह्येला हितं ठिवू नगा."

"आबा, त्याच्या पुढचं पान..."

"पुढचं न्हाय आन मागचं न्हाय. ह्यो दिसला न्हाय पायजे म्हंजी झालं."

आबांपुढे कोण बोलणार? ताईंना मला टाकून द्यायचंही जिवावर आलं होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. लीलाबाईंनी कणकेची खळ शिजवली आणि राक्षस ज्या ज्या पानावर होता ती सगळी पानं दोघींनी मिळून एकमेकांना चिकटवून टाकली. राक्षस आत, मैनाचा प्रश्न आत, आणि राक्षसाचं उत्तरही आत. वरून लीलाबाईंनी वरवंटा ठेवला. मित्रांनो, मला फार गुदमरायला झालं. माझ्या पोटात ती पानं दशमीसारखी जाड होऊन बसली.

आता गोष्ट अशी झाली की मैना जंगलात शिरते, आणि एकदम शेवटचं पान येतं. शेवटच्या पानावर रात्रीचं शांत जंगल आहे आणि त्यात दूरवर एक पिवळा ठिपका चमकतो आहे.

मुलं काय खुळी असतात? यशराजनं लगेच विचारलं, "ताई, राक्षस कुठं गेला?"

"गेला तो. आता नाही पुस्तकात," ताई म्हणाल्या.

"पर कुठं गेला?"

लीलाबाई डाळ धूत होत्या. मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "गेला आसंल उसात."

आता ही त्या भागातली बोलायची रीत आहे. चेंडू हरवला, गेला उसात. कोंबडी दिसेना, गेली उसात. चप्पल, पतंग, शेळीचं करडू, जे सापडत नाही ते उसात गेलेलं असतं, आणि ऊस तुटला की सापडतं. मोठी माणसं हे सहज बोलून जातात. लीलाबाई तर बोलून डाळ चुलीवर चढवायलाही लागल्या. पण संस्कृतीनं ते ऐकलं, आणि माझ्या शेवटच्या पानावरच्या पिवळ्या ठिपक्यावर तिनं अलगद बोट ठेवलं.

"ह्यो त्येचा डोळा हाय," ती हळूच म्हणाली.

"व्हय व्हय, एकच डोळा उघडलाय त्येनं," यशराजनं पुस्ती जोडली, आणि वर्गात एकमतानं ठराव पास झाला.

त्यानंतर काही दिवसांतच संस्कृती यायची बंद झाली. आधी वाटलं सर्दी झाली असेल. मग लीलाबाई निरोप घेऊन आल्या की पोरगी उंबऱ्याबाहेर पाय टाकेना. आबांनी मोटरसायकलवर बसवायला बघितलं, तर आबांच्या धोतराला जी मिठी मारली ती सोडेना. जूनमध्ये तिला पहिलीत जायचं होतं, आणि इकडे अंगणवाडीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी. आबांनी निरोप धाडला होता, "ह्ये समदं त्या पुस्तकानं केलंय. त्ये घिऊन या माझ्याकडं. बघतो त्येच्याकडं."

एखाद्या गुन्हेगाराला चावडीवर बोलवावं तसं मला बोलावणं आलं. ताईंच्या पिशवीत बसून मी निघालो तेव्हा माझी खात्रीच होती, की आता चुलीत तरी जाणार नाहीतर रद्दीत. पण खरं सांगतो, त्याहून जास्त मला त्या दोन शेंड्यांची काळजी होती. माझ्यामुळे एक मूल दाराआड बसलं, हे कुठल्या पुस्तकाला सहन होईल?

आम्ही पोचलो तेव्हा आबांच्या घरात वेगळाच गोंधळ चालला होता. आबा खुंट्या, कोनाडे, पोत्यांच्या मागचं सगळं धुंडाळत होते.

"आरं, माझी बॅटरी कुणी घेतली? कपाळाला बांदायची बॅटरी! कालपास्नं गावंना. दिस मावळला की पाण्याच्या मोटारीची लाईट येती, आन मी काय काजवं धरून पाणी दिऊ उसाला?"

"गेली आसंल उसात," त्यांची सून चहाचं आधण ठेवत म्हणाली.

"उसात कशी जाईल? तिला काय पाय हायती?"

आबांचं लक्ष ताईंकडे गेलं आणि ते जरा ओशाळून बाजेवर बसले. ताईंनी मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. दाराच्या फळीआड दोन शेंड्या दिसत होत्या. ताई तिकडे गेल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "संस्कृती, तुला रस्त्यानं यायची भीती वाटते का गं? मी न्यायला येत जाऊ?"

शेंड्या नाही म्हणून हलल्या.

"मग?"

दाराची फळी जराशी हलली. मग संस्कृती बाहेर आली, थेट आबांच्या गुडघ्याला जाऊन चिकटली आणि ताईंना म्हणाली, "मी आले तर आबा उसात जातील."

"मग जाऊ देत की. आबांचाच ऊस आहे."

"तितं राक्षस हाय. आबांला खाईल त्यो." आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिचं रडू फुटलं. हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. "लीलामावशी बोलली त्यो उसात गेलाय. मी बघितला. अंदार पडला की त्येचा डोळा दिसतो उसात. हिकडं जातो, तिकडं जातो. आन वरडतो. मी आईला इचारलं, आबा कुठं हायत, तर आई म्हणती, उसात."

ऐकताय ना मित्रांनो? सगळे समजत होते पोर स्वतःपायी घाबरलीय. आणि ती इवलीशी मुलगी आबांना राखत बसली होती. दिवसभर धोतर धरून. दिवस मावळला की मात्र आई तिला जेवायला आत न्यायची आणि आबा निसटायचे. सकाळी डोळे उघडले की ती पहिल्यांदा त्यांची बाज बघायची, असं तिची आई नंतर डोळे पुसत सांगत होती. आईला वाटायचं, पोरगी उगाच बघते.

आबा गंभीर झाले. "कसा हाय गं डोळा?"

"पिवळा."

"रोजच पिवळा?"

"आधी पिवळा हुता." संस्कृतीनं नाक पुसलं. "काल पांढरा झाला."

आबांचा हात आपसूक कपाळाकडे गेला. काल बॅटरी नव्हती म्हणून त्यांनी मोबाईलचा उजेड धरून उसाला पाणी दिलं होतं. त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं ताईंकडे बघितलं, आणि तिघांना एकदमच कळलं की उसातला राक्षस बाजेवर बसलाय. सुनेनं पदर तोंडाला लावला. ताईंचे खांदे हलायला लागले. आबांना हसावं की रडावं कळेना.

"आगं बया, त्यो मीच हाय! त्यो डोळा न्हाय, माझी बॅटरी हाय."

पण मित्रांनो, मनात घुसलेला राक्षस असा एका वाक्यात निघतो होय? संस्कृतीनं मान हलवली. "आन वरडतो त्यो?"

"त्यो बी मीच. रानडुकरं हाकलतो."

"न्हाय. राक्षस पुस्तकात न्हाय. ताई बोलली त्यो गेला. मग त्यो कुठं हाय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर ताईंकडे होतं. त्यांनी मला उचललं, माझी ती जाड झालेली पानं आबांना दाखवली आणि प्रथमच त्यांच्याशी जरा ठाम आवाजात बोलल्या, "आबा, तो इथेच आहे. आपणच त्याला कोंडून घातलाय, आणि पोरीला सांगितलं की तो गेला. आता तुम्हीच काढा बाहेर."

आबांनी त्या चिकटलेल्या पानांवरून अंगठा फिरवला. मग चुलीकडे वळून म्हणाले, "चहाचं आधाण तसंच ठिव गं."

सर्दी झालेल्या पोराला वाफारा देतात तसा मला त्या आधणावर वाफारा मिळाला. आबांनी त्यांच्या त्या जाडजूड, उसाच्या पात्यांनी कापलेल्या बोटांनी मला इतकं जपून धरलं होतं की अश्लेषाच्या बाबांची आठवण झाली. कणकेची खळच ती, वाफेनं मऊ पडली. एकेक पान सुटत गेलं. राक्षसाचं पान तेवढं हट्टाला पेटलं, आणि शेवटी सुटलं ते नाकाचा शेंडा पलीकडच्या पानाला देऊनच. दुखलं, पण श्वास मोकळा झाला.

"ह्यो बग. हितंच हाय त्यो," आबा म्हणाले. "आन नाक बी न्हाय त्येला आता."

संस्कृतीनं आबांच्या मांडीत शिरून एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं बघितलं. मुलं बारामतीची असोत की वस्तीवरची, राक्षस बघायची रीत एकच असते.

आबांनी वाचायला सुरुवात केली. अक्षरांखाली बोट फिरवत, एकेक शब्द सावकाश. आरोळी आली तशी अशी ठोकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग मैनानं विचारलं, का रे बाबा ओरडतोस? आणि आबांचं बोट माझ्या त्या उजव्या पानावर आलं, जे इतके दिवस कुणी वाचलं नव्हतं.

"राक्षस म्हणाला, मला अंधाराची..."

आबा थांबले.

"वाचा की, आबा," संस्कृती म्हणाली.

"मला अंधाराची भीती वाटते. इथे मी एकटाच असतो. ओरडलो की आपलाच आवाज ऐकू येतो आणि थोडं बरं वाटतं."

आधण आपलं उकळत होतं. आबांनी ती ओळ मनाशी पुन्हा एकदा वाचली, हे त्यांचं बोट परत फिरलं त्यावरून मला कळलं. मग घसा खाकरून, कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "ह्ये बरुबर लिव्हलंय."

"म्हंजी?" सुनेनं विचारलं.

"डुकरं येत्यात, न्हाय आसं न्हाय. पर डुक्कार नसलं तरी वरडतो मी. उसाचं वाळलेलं पाचट वाजलं तरी वरडतो. एवढ्या उसात येकटा माणूस, काय बी वाजतं. कुणाला सांगायचं?"

ज्यांच्या आवाजाला अख्खी वस्ती बिचकते ते आबा, आणि हे बोलताना त्यांचा आवाज केवढासा झाला होता! माझी पानं चिकटवायला लावली म्हणून मला त्यांचा राग आला होता ना, तो तिथेच उतरला.

संस्कृती त्यांच्याकडे तोंड वर करून बघत होती. "तुमाला भ्या वाटतं?"

"वाटतं की गं."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. "पुढचं वाचा," म्हणाली. पुढच्या पानावर मैना आपला कंदील राक्षसाच्या हातात देते. त्याच्या पुढचं पान शेवटचं. अंधारं जंगल आणि त्यात पिवळा ठिपका. संस्कृतीनं ठिपक्यावर पूर्वीसारखंच बोट ठेवलं. "ह्यो डोळा न्हाय," ती म्हणाली. "कंदील हाय." आणि मांडीवरून उतरून आत गेली.

आतून ती दप्तर ओढत घेऊन आली. खुंटीला टांगलेलं दप्तर, पोरगी जात नाही म्हणून कुणी उघडलंच नव्हतं. त्यातून तिनं आधी पाटी काढली, मग डबा काढला, आणि सगळ्यांत तळातून आबांची बॅटरी काढली.

"तुमी उसात जाऊ नये म्हणून दडवली हुती," ती म्हणाली. "घ्या आता."

आबांनी बॅटरी घेतली आणि तिलाही उचलून घेतलं. मी त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडलो, पण त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. चहा मात्र आटून आटून काढा झाला होता, तोच सगळ्यांनी प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणंदीतून दोन शेंड्या आणि एक दप्तर येताना मला खिडकीतून दिसलं. दारातच तिनं यशराजला ठणकावलं, "राक्षस पुस्तकात हाय. उसात माझं आबा हायत." लीलाबाईंनी कान पकडले आणि पुन्हा म्हणून 'उसात गेलं' म्हणणार नाही असं कबूल केलं. दुपारी पळी सापडेना तेव्हा पहिला शब्द तोच तोंडात आला, ही गोष्ट वेगळी. आणि आबा? ते आता अधूनमधून अंगणवाडीत येतात, पोरांच्या मधे मांडी घालून बसतात आणि राक्षसाची आरोळी तेच ठोकतात. आसावरीताईंनी तो मान त्यांना देऊन टाकला आहे. राक्षसाला नाक नाही म्हणून मुलं त्यावर रोज बोट ठेवून त्याला उसनं नाक देतात. बोटाला भाजी लागलेली असते. त्यामुळे माझा राक्षस कधी हिरव्या नाकाचा असतो, कधी पिवळ्या.

तर मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. माझ्यावर वरण सांडलं तरी चालेल, माझे कोपरे दुमडले तरी मी रुसणार नाही. मला कपाटात मात्र कोंडू नका, आणि कुठल्या पानाची भीती वाटली तर ते चिकटवू नका. कुणाला तरी शेजारी बसवा आणि पान उलटा. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसालाही कधीतरी शेजारी बसवून घ्या. त्यालाही भीती वाटत असते, फक्त विचारायला मैना लागते.

ऊस अजून उभा आहे. संध्याकाळी अंगणवाडीला कुलूप लागतं, मोटारीची लाईट येते, आणि मी फळीवरून बाहेर बघत बसतो. उसाच्या पात्यांतून एक पिवळा ठिपका हळूहळू फिरत असतो. पाणंदीच्या टोकाला, ओट्यावर, आईच्या मांडीत बसलेला दुसरा एक ठिपका असतो, अगदी लहान. आबांनीच तो बारामतीहून आणून दिलाय. आता उसातून आरोळी येत नाही. ओट्यावरून एक बारीक आवाज येतो, "आबाऽऽ, हाय का?"

आणि उसातून उत्तर येतं, "हाय गं, हाय!"